सीलबंद ताजमहाल

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने २००८ मध्ये ताजमहाल बाजारात आणला. जोडून उभारावयाच्या या संचात प्लॅस्टिकचे ५,९२२ तुकडे होते. तोपर्यंत कंपनीच्या कोणत्याही संचात इतके तुकडे नव्हते. अमेरिकेत त्याची किंमत ३०० डॉलर होती. थोड्याच वर्षांत कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले आणि जुन्या खेळण्यांच्या बाबतीत एरवी घडते त्याच्या नेमके उलट घडू लागले. खेळणे जुने होत गेले तसा त्याचा भाव चढत गेला. ज्यांच्या कपाटात न उघडलेले खोके पडून होते, त्यांना मूळ किमतीच्या कित्येक पट रक्कम देणारे गिऱ्हाईक मिळू लागले. मग २०१७ च्या नोव्हेंबरात कंपनीने तोच ताजमहाल पुन्हा काढला. क्रमांक नवा, खोके नवे, तुकडे ५,९२३, म्हणजे पूर्वीपेक्षा एक अधिक, आणि किंमत ३७० डॉलर. जुन्या खोक्याचा भाव पाहता पाहता घसरला. आग्र्याच्या ताजमहालाची दुसरी आवृत्ती निघत नाही. डेन्मार्कच्या ताजमहालाची निघते, आणि ती केव्हा काढावी हे साठा करणाऱ्याला कोणी विचारत नाही.

उत्पादन थांबलेले लेगो संच विकत घेऊन ठेवणे ही सोन्याहून सरस गुंतवणूक आहे, असे गेली काही वर्षे बोलले जाते. ब्रिटनच्या ‘टेलिग्राफ’ दैनिकाने २०१५ मध्ये तसा हिशोबच मांडला होता. २००० सालापासून चांगल्या स्थितीत जपलेल्या संचांची किंमत वर्षाला सरासरी १२ टक्क्यांनी वाढली आणि त्याच काळात सोने तिच्या मागे राहिले, असा त्याचा सारांश होता. असा प्रस्ताव घेऊन एखाद्या पेढीवर घरचाच नातू आजोबांसमोर उभा राहिला, तर आजोबांनी तो हसण्यावारी नेऊ नये. त्यात तथ्य आहे. मात्र ते किती आहे, हे खेळण्याच्या भाषेत न समजता मालाच्या भाषेत समजते.

माल कोणता ते आधी पाहू. बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्टियनसन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. आज आपण पाहतो ती प्लॅस्टिकची वीट, वर बुंध्या आणि आत नळ्या असलेली, २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदली गेली. तिचे माप तेव्हापासून बदललेले नाही, त्यामुळे त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते. या एका गोष्टीत या मालाचे पुष्कळ मर्म आहे. जुने वाहन, जुना दूरदर्शन संच, जुना भ्रमणध्वनी यांचे सुटे भाग काळाबरोबर निरुपयोगी होतात. लेगोचा सुटा तुकडा साठ वर्षांनीही कामाचा असतो. म्हणूनच सुट्या तुकड्यांची स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली. ब्रिकलिंक नावाची ही ऑनलाइन पेठ २००० साली एका हौशी संग्राहकाने सुरू केली आणि २०१९ मध्ये खुद्द लेगो कंपनीने ती विकत घेतली. मालाच्या कारखानदारानेच जुन्या बाजाराची मंडई ताब्यात घ्यावी, ही गोष्ट व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कंपनी एखादा संच साधारणतः दीड-दोन वर्षे विकते, मोठे संच काहीसे अधिक काळ. मग तो यादीतून जातो. तोपर्यंत जी खोकी विकली गेली त्यांतील बहुतेक वाढदिवसाला, नाताळात फोडली जातात. तुकडे सोफ्याखाली जातात, पुस्तिका फाटते, खोके रद्दीत जाते. न उघडलेली जी थोडी उरतात ती दरवर्षी आणखी थोडी होतात. दुसरीकडे, ज्या मुलाला तो संच त्या वेळी मिळाला नाही ते मूल दहा-पंधरा वर्षांनी कमावते होते आणि बालपणीची राहून गेलेली इच्छा पुरी करण्यास निघते. आटणारा पुरवठा आणि उशिरा येणारी मागणी यांच्या मधल्या जागेत साठा करणाऱ्याचा नफा असतो. थोडक्यात, त्याची कमाई प्लॅस्टिकवर होत नाही. इतरांनी आपली खोकी फोडली यावर होते.

या व्यवहाराचा नेटका अभ्यास मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेतील दोन संशोधिकांनी केला. १९८७ ते २०१५ या काळातील २,३२२ संचांचे भाव त्यांनी तपासले. सरासरी परतावा वर्षाला किमान ११ टक्के निघाला. महागाई वजा करता सुमारे ८ टक्के. शेअर बाजाराच्या चढउताराशी या भावांचे फारसे नाते नाही, असेही त्यांना आढळले. वृत्तपत्रांनी एवढेच उचलले. परंतु त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की भाववाढ उत्पादन थांबताच सुरू होत नाही. ती साधारण दोन-तीन वर्षांनी सुरू होते. दुसरी अशी की निरनिराळ्या संचांचा वार्षिक परतावा उणे ५० टक्क्यांपासून अधिक ६०० टक्क्यांपर्यंत पसरलेला होता. फार लहान आणि फार मोठे संच चढले, मधल्या आकाराचे मागे राहिले.

सरासरी ही फसवी चीज आहे, हे धान्याच्या आडत्याला सांगावे लागत नाही. कॅफे कॉर्नर नावाचा चौकातल्या उपाहारगृहाचा संच २००७ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ९० पौंडांना मिळत होता. २०१५ पर्यंत त्याचे न उघडलेले खोके २,००० पौंडांच्या पुढे गेले. २०१३ मध्ये कंपनीने सोनेरी रंगाची एक इटुकली बाहुली काढली. जगभरात तिच्या केवळ ५,००० प्रती होत्या आणि त्या साध्या, स्वस्त पाकिटांत न सांगता मिसळून दिल्या होत्या. ती बाहुली आज हजारो डॉलरांची वस्तू आहे. परंतु ती कोणी विचारपूर्वक निवडून घेतली नव्हती. पाकीट फोडले आणि निघाली. तिला गुंतवणूक म्हणणे म्हणजे सोडतीच्या तिकिटाला मुदत ठेव म्हणणे होय. गोष्टी जिंकलेल्यांच्याच सांगितल्या जातात. ज्या संचाचा भाव दहा वर्षांत हलला नाही त्याची बातमी कोण छापणार?

आता सरासरीच खरी धरून रोजमेळाच्या पद्धतीने पाहू. समजा, दहा हजार रुपयांचा संच घेतला आणि तो वर्षाला ११ टक्क्यांनी पाच वर्षे वाढला. किंमत झाली सुमारे १६,८५०. विकताना पेठेची दलाली, रक्कम वसुलीचे शुल्क, मजबूत वेष्टन आणि कुरिअर यांवर विक्रीच्या १५ टक्के खर्च धरला, तर सुमारे २,५३० रुपये गेले. हाती आले १४,३२० च्या आसपास. म्हणजे परतावा साडेसात टक्क्यांवर उतरला. त्यात अजून जागेचे भाडे नाही, विमा नाही, अडकलेल्या भांडवलाचे व्याज नाही, आणि ज्या माणसाने खोकी मोजली, फोटो काढले, गिऱ्हाइकांच्या शंका निस्तरल्या त्याची मजुरीही नाही. सोने रात्री नऊ वाजता मोडता येते. सीलबंद खोक्याला त्याचा शोधणारा भेटावा लागतो, आणि तो भेटेपर्यंत मधल्या काळात ते खोके ना व्याज देते ना लाभांश.

भारतातील खरेदीदाराची अडचण याहून एक पायरी वरची आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी उद्योगाला आधार मिळावा हा त्यामागील हेतू होता. साठा करणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की त्याचा पडताच चढा राहिला. जुन्या संचांचे खरे गिऱ्हाईक अमेरिकेत आणि युरोपात आहे. ते तिथल्या मूळ किमतीशी तुलना करून भाव लावते, आपल्या शुल्काशी त्याला कर्तव्य नाही. म्हणजे मॉस्कोच्या अभ्यासातील ११ टक्के ज्या किमतीपासून मोजले, ती किंमत मुंबई-पुण्याच्या खरेदीदाराला मिळतेच असे नाही. उलट परदेशातून जुना संच आणून येथे विकू म्हणावे, तर १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे, आणि पंधरा वर्षांपूर्वी परदेशात बंद झालेल्या खोक्यावर ते कुठून असणार? शिवाय वारंवार खरेदी-विक्री होऊ लागली की ती हौस राहत नाही, व्यापार ठरते. प्राप्तिकराची बाजू आपल्या सनदी लेखापालाकडून आधीच समजून घेतलेली बरी.

कोकणपट्टीतील आणि मुंबईतील दमटपणा हा तर वेगळाच भागीदार. पुठ्ठ्याला ओल लागते, कसर लागते, वाळवी लागते. खोक्याची कड दबली तरी भाव उतरतो. पांढरी वीट उजेडाने पिवळी पडते, आतले चिकटपट्टीचे तुकडे वर्षानुवर्षे पडून सुकतात, आणि खोके सीलबंद असल्याने आत काय झाले हे मालकालाही कळत नाही. चोरीचे भय नव्याने निर्माण झाले आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात पोलिसांनी पकडलेला चोरीचा लेगो साठा सुमारे तीन लाख डॉलरांचा होता. नकली मालही आहे. लेपिन या नावाने चीनमध्ये लेगोच्या संचांच्या हुबेहूब नकला निघत असत, आणि त्यांत उत्पादन थांबलेले, भाव चढलेले संच आवर्जून असत. शांघाय पोलिसांनी २०१९ मध्ये तो कारखाना बंद पाडला. पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयाने सूत्रधाराला सहा वर्षांची शिक्षा दिली.

या सर्वांपेक्षा गंभीर प्रश्न साठ्याचा आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणून हळद ठेवण्याची रीत होती. तिथल्या मातीच्या गुणाने हळद वर्षानुवर्षे टिकत असे आणि भाव आला की पेव फोडले जाई. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. त्या व्यापारात मुरलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असे. आपल्या पेवात किती माल आहे याला महत्त्व नाही, गावभरच्या पेवांत किती आहे याला आहे. लेगोच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला पाहिजे. अभ्यासातला परतावा १९८७ ते २०१५ या काळातला आहे. त्या काळातील बहुतेक खोकी खेळण्यासाठी घेतली गेली, म्हणून फुटली, म्हणून उरलेल्यांना भाव आला. आता ‘सोन्याहून सरस’ हे वाक्य ऐकून जो तो दोन संच घेतो, एक मुलासाठी आणि एक माळ्यावर. माळ्यावरची खोकी दहा वर्षांनी एकदम खाली उतरतील तेव्हा टंचाई कुठली? हळद निदान खाऊन संपते. पाच वर्षांत कोणीतरी ती भाजीत घालतेच. सीलबंद खोके वापरले की त्याचे मोल जाते, आणि वापरले नाही तर साठा संपत नाही.

अमेरिकेत हे एकदा घडून गेले आहे. नव्वदच्या दशकात टाय कंपनीच्या बीनी बेबीज नावाच्या कापडी प्राण्यांचे वेड पसरले होते. कंपनी मुद्दाम एकेक प्राणी ‘निवृत्त’ करी आणि त्याचा भाव चढे. लोकांनी मुलांच्या शिक्षणाची तरतूद म्हणून ते प्राणी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जपले. नवे दशक उजाडता उजाडता तो बाजार बसला, कारण सर्वांनीच जपले होते. लेगोची गत अगदी तशीच होईल असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वर सांगितल्याप्रमाणे सुट्या विटेलाही मोल आहे, कापडी अस्वलाच्या सुट्या पायाला नाही. तळ गाठला तरी तो शून्याच्या बराच वर असेल. पण सोन्याच्या तुलनेत बसवण्याइतका तो भक्कम नाही.

उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या आनंद या श्रावकाची कथा आहे. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ कोट्यधीश होता. त्याच्या बारा कोटी सुवर्णमुद्रांची वाटणी अशी होती: चार कोटी निधानात, म्हणजे ठेव म्हणून, चार कोटी वृद्धीवर, म्हणजे व्याज-व्यापारात, आणि चार कोटी घरसंसाराच्या विस्तारात. परिग्रहाचे परिमाण घेताना त्याने याच तीन खात्यांची मर्यादा बांधली. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही विभागणी आजच्या ताळेबंदाला लाजवणारी आहे. सीलबंद संच यांपैकी कोणत्या खात्यात टाकावा? तो निधान म्हणावा, तर अडीअडचणीला तत्काळ मोडता येत नाही आणि दुसरी आवृत्ती काढून त्याचे मोल कमी करण्याचा अधिकार तिसऱ्याच्या हाती आहे. वृद्धी म्हणावी, तर तो पडून असेपर्यंत काही कमावत नाही. आणि घरच्या वापराची वस्तू म्हणावी, तर घरातल्या मुलाला तिला हात लावण्याची मनाई आहे.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह परिमाण व्रताचे जे अतिचार सांगितले त्यांत अतिसंग्रह, विस्मय आणि लोभ हे तीन आहेत. टीकाकार प्रभाचंद्रांनी त्यांचा केलेला खुलासा एखाद्या पेढीवर बसून लिहिल्यासारखा आहे. हे धान्य पुढे विशेष लाभ देईल या भरात गरजेहून फार साठवणे हा अतिसंग्रह. आपण नफ्याने विकलेला माल नंतर दुसऱ्याला अधिक नफा देऊन गेला, म्हणून खेद करीत बसणे हा विस्मय. आणि चांगला लाभ पदरात पडत असतानाही आणखी हवा, हा लोभ. ज्यांनी ताजमहालाचे खोके २०१६ मध्ये ‘अजून चढेल’ म्हणून विकले नाही, आणि ज्यांनी २०१२ मध्ये विकून नंतर हळहळ केली, त्या दोघांचीही नोंद या जुन्या ग्रंथात आधीच झालेली आहे. धान्य साठवल्याने कोणाची चूल विझते, लेगो साठवल्याने विझत नाही, हे खरे. पण अतिचाराची ही गणना शेजाऱ्याच्या चुलीपुरती नाही. साठवणाऱ्याच्या मनाची आहे.

तेव्हा आजोबांनी नातवाला काय सांगावे? करूच नको, असे सांगण्याचे कारण नाही. व्यापाराचे पहिले धडे गिरवण्यासाठी हा माल वाईट नाही. तो नाशवंत नाही, त्यात हिंसा नाही, बाजारभाव उघड आहे, आणि चुकले तरी पेढी बुडत नाही. मात्र रक्कम आधी ठरवावी आणि ती निधानाच्या खात्यातून काढू नये. नातवाच्या व्यापाराच्या खात्यातून काढावी, आणि ते खातेही स्वतंत्र असावे. खरेदी छापील किमतीला करू नये, सवलतीच्या दिवसांत करावी, कारण या धंद्यात निम्मा नफा खरेदीच्या दिवशीच ठरतो. एकाच संचाची दहा खोकी घेण्यापेक्षा दहा वेगळे संच बरे. नवी आवृत्ती निघाली तर एकच बुडतो. प्रत्येक खोक्याची तारीख, पडता आणि कोणत्या भावाला विकायचे तो आकडा वहीत त्याच दिवशी लिहावा. तो भाव आला की विकावे, मग पुढे तो कुठेही जावो.

आणि घरात लहान भावंड असेल, तर आणखी एक मार्ग आहे ज्याची चर्चा फारशी होत नाही. वापरलेला पण पूर्ण संच, पुस्तिकेसह, बाहुल्यांसह, सर्व तुकडे मोजून ठेवलेला, यालाही चांगला भाव येतो. सीलबंदाइतका नाही, पण पुष्कळदा मुद्दल निघण्याइतका. पर्युषणाच्या सुट्टीत तो घरातल्या मुलांनी मिळून उभारावा, वर्षभर दिवाणखान्यात राहू द्यावा, मग उतरवून रंगांप्रमाणे पिशव्यांत भरावा, पुस्तिका कोरड्या जागी ठेवावी आणि खोके सपाट करून तिच्याशेजारी ठेवावे. तुकडे मोजण्याचे काम धाकट्याकडे द्यावे. एक तुकडा कमी भरला तर ब्रिकलिंकवर तो सुटा, अनेकदा अगदी किरकोळ किमतीला मिळतो.